सोळा, दहा आणि तीन : निरनिराळ्या वयांच्या मुलांसोबतचे रोजचे आनंद

शाहूपुरीची आई (सातारा)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी तीन मुले आहेत. थोरली १६ वर्षांची असून यंदा अकरावीत गेली, मधला १० वर्षांचा आहे आणि पाचवीत शिकतो, आणि धाकट्याला गेल्या आषाढात ३ वर्षे पूर्ण झाली. वयांत एवढे अंतर पाहून ओळखीचे लोक 'तुमची फार ओढाताण होत असेल' असे म्हणतात, आणि ओढाताण होते हे खरेच असल्यामुळे मीही आजवर त्याच सुरात उत्तर देत आले. पण तीन वयांची मुले एका छपराखाली वाढत असताना जे सुख रोज पदरात पडते, त्याविषयी मी कधी कोणाशी नीट बोलले नाही. ते येथे लिहावे आणि आपलेही अनुभव ऐकावेत, यासाठी हा धागा काढते आहे.

निमित्त एका रविवारचे झाले. पाऊस उघडला की रविवारी सकाळी आम्ही अजिंक्यताऱ्यावर चालत जातो. त्या चढावर आमच्या घरातली तीन वये अगदी वेगळी वेगळी दिसतात. थोरली कानात गाणी लावून पन्नास पावले पुढे असते, मधला रस्त्याची वळणे मोजत मधूनच पळतो आणि पुन्हा परत येऊन आकडा सांगतो, आणि धाकटा मात्र प्रत्येक दगडापाशी थांबतो. त्या दिवशी त्याने उचललेला प्रत्येक दगड ताईच्या पाठीवरच्या सॅकमध्ये टाकायचा हट्ट धरला. मंगळाई देवीच्या देवळापाशी पोहोचेपर्यंत सॅक जड झाली, तेव्हा तिने ती उघडून पाहिली. आत ११ दगड होते. ती वैतागून ते फेकून देईल असे मला वाटले होते. पण ती पायरीवर बसली आणि एकेक दगड बाहेर काढून 'हा कुठला?' असे त्याला विचारू लागली. त्यालाही प्रत्येकाचा पत्ता ठाऊक होता. 'हा कुत्रा होता ना, तिथला.' 'हा पाण्यातला.' 'हा बाबांचा.' सगळे दगड पुन्हा सॅकमध्ये गेले आणि तिने ते घरापर्यंत वाहून आणले. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर रसायनशास्त्राच्या पुस्तकाशेजारी ते ओळीने मांडलेले मी पाहिले.

ते पाहताना मला आठवले की ती तीन वर्षांची असताना तीही असेच दगड गोळा करत असे आणि मी दारातच तिचे खिसे झटकून रिकामे करत असे. कपडे मळतील, धुण्याच्या यंत्रात खडा अडकेल, उशीर होईल, अशी शंभर कारणे माझ्याजवळ होती. कोणता दगड कुठला, हे मी तिला एकदाही विचारले नाही. पहिल्या मुलाच्या वेळी वजन वाढते का, दात वेळेवर येतात का, बोलायला उशीर तर होत नाही ना, या काळजीत आपण इतके गुरफटलेले असतो की समोर घडत असलेले गोड काही डोळ्यांत भरतच नाही. माझ्या बाबतीत तरी ते डोळ्यांत भरायला तिसरे मूल यावे लागले. आणि तिसऱ्याने शिकवलेल्या त्या नजरेने मी आता थोरलीकडेही पाहू लागले आहे, याचे मला फार समाधान वाटते.

धाकट्याच्या बोलण्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. दिवसभर तो माझ्या, आजीच्या आणि ताईच्या सहवासात असल्यामुळे तो 'मी येते', 'मी जेवते' असेच बोलत असे. मराठीत बोलणाऱ्यानुसार क्रियापद बदलते, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते आणि आपण कधी शिकलो तेही आठवत नाही. मधल्याने एके दिवशी मोठ्या गांभीर्याने त्याला समजावले की तू मुलगा आहेस, म्हणून तू 'येतो' म्हणायचे. धाकट्याने ते मनावर घेतले आणि संध्याकाळी आजी देवळात निघाली तेव्हा 'आजी, येतो म्हण' असे तिलाही बजावले. नियम आपल्याला कळला की तो सगळ्यांना लागू झाला पाहिजे, असे या वयाला वाटत असावे. पुढे दोन आठवडे तो प्रत्येक वाक्यापूर्वी क्षणभर थांबत असे. ते थांबणे मी मुद्दाम ऐकत बसत असे, कारण आता ते संपत आले आहे.

मधल्याचे दहा वर्षांचे वय न्यायनिवाड्याचे आहे. यांनी परवा पाव किलो कंदी पेढे आणले, तर त्याने ते प्रथम स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले, मग मोजले, मग सहा माणसांत भागले आणि उरलेल्या दोन पेढ्यांचे काय करायचे यावर सगळ्यांची सभा बोलावली. शेवटी एकाने तुकडे करायचे आणि दुसऱ्याने आधी निवडायचे, असे ठरले. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सुरीने पेढ्याचे तुकडे करताना त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती.

आणि थोरली. तिच्याजवळ आता माझ्यासाठी वेळ थोडा असतो. पण रात्री साडेदहाला सगळे निजले की ती ओट्यापाशी येते, न सांगता आले ठेचून दोन कप चहा टाकते आणि मग बोलते.

परीक्षेतले गुण, पदके, स्पर्धा यांविषयी आपण नेहमीच बोलतो. मला ऐकायचे आहे ते एखाद्या साध्या मंगळवारचे. आपल्या घरी कोणकोणत्या वयाची मुले आहेत आणि त्या वयाने आपल्याला काय दिले, ते सवडीने लिहावे.

गावभागातील आजोबा (सांगली)

ताई, आपला धागा वाचून मन प्रसन्न झाले. माझ्या दोन नाती आहेत, एक १२ वर्षांची आणि दुसरी ५ वर्षांची. मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरी करत असल्यामुळे दिवसाचा बराच काळ त्या दोघी आणि मी असे तिघेच घरात असतो.

आपण क्रियापदाचा जो प्रसंग लिहिला, त्याची आमच्या घरी वेगळीच तऱ्हा आहे. आमच्या सौभाग्यवती 'मी जातो', 'मी येतो' असेच बोलतात. आमच्या कृष्णाकाठी आणि कोल्हापूरकडे पुष्कळ बायकांच्या बोलण्यात ही रूपे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. त्यामुळे धाकटी नात घरात आजीसारखे 'मी जातो' म्हणते आणि शाळेत 'मी जाते' म्हणते. एकदा तिच्या बालवर्गाच्या बाई घरी आल्या होत्या. तेव्हा ती आजीकडे वळून 'आजी, पाणी मी आणतो' म्हणाली आणि लगेच बाईंकडे वळून 'बाई, पाणी आणते हं' म्हणाली. पाच वर्षांचे मूल कोणाशी काय बोलावे हे इतके अचूक जाणते, हे पाहून मी थक्क झालो. दोन्ही बोली तिच्या आहेत आणि दोन्हींत ती सुखाने राहते आहे, म्हणून तिला कोणी सुधारू नये, असे मी घरात सांगून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. आम्ही नदीजवळ राहतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती फुटांवर आहे, हे पावसाळ्यात आमच्या भागात घराघरांत विचारले जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या लहान मुलांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आम्हालाही घर सोडून नातेवाइकांकडे जावे लागले होते. त्या दिवसांची भीती आम्हा मोठ्यांच्या मनातून गेलेली नाही. पण धाकटीला त्यातले काही ठाऊक नाही. तिच्यासाठी पाण्याचा आकडा हा एक खेळ आहे. यंदा पाणी चढू लागले तसे फोनवर येणारे आकडे मी मोठ्याने वाचत असे आणि ती माझ्यामागून म्हणत असे. तिला 'एकोणतीस' आणि 'एकोणचाळीस' हे शब्द अडत. तीस म्हणण्याआधीच 'तीस' कसे काय येते, असा तिचा प्रश्न होता आणि मला त्याचे सोपे उत्तर सापडत नव्हते. मग एके दिवशी पाणी चाळिसावर टेकले आणि घरात सगळे गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उतरून एकोणचाळीसवर आले, तेव्हा सूनबाईने 'सुटलो' म्हणून हात जोडले. धाकटीने विचारले, 'एकोण म्हणजे एक उतरलं का?' मी हो म्हणालो. त्या दिवसापासून तिला एकोणपन्नास, एकोणसाठ सगळे आले. अंक शिकवायला मी पाट्या आणल्या होत्या, मणी आणले होते. शिकवले ते नदीने.

मोठी नात त्याच वेळी कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) धरून रोज किती टक्के भरले याचे गणित मांडत असे आणि वहीत आलेख काढत असे. एका आकड्यापाशी दोघी बसलेल्या असत, एक टक्केवारीत आणि दुसरी एकोणात. मी मधे बसून दोघींचे ऐकत असे. नोकरीत असताना माझ्या मुलाच्या वाट्याला मी असा आलो नाही, ही खंत आहे. म्हणून हे दिवस मी जपून घालवतो.

कोरेगावचे शिवार

आमच्याकडे मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. आमच्या भागातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. फिकट दाण्यावर गडद रेघा असतात, म्हणून त्याला वाघ्या म्हणतात. घेवडा निवडायला बसले की मुलगी सुपापाशी येऊन बसते. पूर्वी मी तिला उठवून लावत असे, कारण ती दाणे सांडते आणि नाकातोंडात घालेल ही भीती असते. आता मी तिला समोरच बसवते आणि डोळ्यांआड होऊ देत नाही. ती एकेक दाणा उचलून दादाला दाखवते आणि 'हा वाघ?' असे विचारते. दादा रेघा पाहून 'हा वाघ' किंवा 'हा नाही' असा निकाल देतो. एका किलोला एरवी लागतो त्याच्या तिप्पट वेळ लागतो, हे मान्य आहे. पण घेवडा निवडणे या कामाची मी वाट पाहीन, असे मला लग्न झाल्यापासून कधी वाटले नव्हते.

नवी आई (करंजे)

सर्वांचे लिखाण वाचले. वाचताना आनंद झाला आणि थोडे रडूही आले. माझे बाळ पाच महिन्यांचे आहे. रात्री ते तीन-चार वेळा उठते. सगळे म्हणतात की हे दिवस पुन्हा येणार नाहीत, आनंद घे. पण मला दिवसभर फक्त झोप हवी असते. मला आनंद दिसत नाही याचा अर्थ माझ्यात काही कमी आहे का, असे वाटू लागले आहे. इतक्या लहान बाळाजवळ आनंद कुठे शोधायचा, हे कोणी सांगेल का?

अंगणवाडीच्या ताई (वाळवा तालुका)

करंज्याच्या ताईंनी हे मोकळेपणाने विचारले, हे फार चांगले झाले. तुमच्यात काहीही कमी नाही. सलग झोप न मिळालेल्या माणसाला आनंद दिसत नाही, हे शरीराचेच म्हणणे आहे. पहिले म्हणजे रात्रीची एक वेळ घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवा, मग ते बाळाचे बाबा असोत, आजी असो किंवा आत्या असो. तुम्हाला सलग चार तास झोप मिळाली पाहिजे. दुसरे म्हणजे उदास वाटणे, रडू येणे किंवा बाळाविषयी काहीच न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिले, तर डॉक्टरांना जरूर सांगा. स्वतःला किंवा बाळाला काही करावे असा विचार मनात आला, तर एक दिवसही थांबू नका. बाळंतपणानंतर असे होणे हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आपल्या गावच्या आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगितले तरी त्या सोबत येतात. यात लाजण्यासारखे काही नाही.

आता आनंदाविषयी. पाच महिन्यांच्या बाळाचा आनंद मोठ्या मुलांसारखा मोठा नसतो. तो एकेका मिनिटाचा असतो. आंघोळीपूर्वी तेल लावताना बाळ तुमच्या तोंडाकडे पाहते, तेव्हा तुम्ही 'अंऽ' म्हणा आणि थांबा. थोड्या वेळाने तेही 'अंऽ' म्हणेल. मग पुन्हा तुमची पाळी. हे बोलणेच आहे. शब्द पुढे येतात, पण आपली पाळी येईपर्यंत थांबणे बाळ आत्ताच शिकत असते. दिवसात एवढे एक मिनिट मिळाले तरी पुष्कळ झाले. बाकीच्या वेळी दमलात तर दमलात.

माझ्या अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची मुले एकत्र बसतात. एक गोष्ट मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिली आहे. नव्याने आलेले तीन वर्षांचे मूल रडत असेल, तर माझ्या समजावण्याने ते जेवढ्या वेळात शांत होते, त्याच्या निम्म्या वेळात ते पाच वर्षांच्या मुलाजवळ शांत होते. मोठे मूल त्याला फारसे काही सांगत नाही. ते फक्त त्याच्या शेजारी आपले ताट घेऊन बसते आणि खाऊ लागते.

कराडचे बाबा

आमच्याकडे एकुलता मुलगा, वय वर्षे १४. या वयाच्या मुलांच्या आनंदाविषयी कोणी फारसे लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. गेल्या वर्षी त्याचा आवाज फुटला. आता माझ्या फोनवर तो बोलला तर माझे मित्र त्यालाच मी समजून कामाचे बोलू लागतात, आणि तोही दोन वाक्ये माझ्यासारखा बोलून मग 'थांबा काका, बाबांना देतो' म्हणतो. पलीकडच्या खोलीतून आपलाच आवाज आपल्याच घरात वावरताना ऐकू येतो, तेव्हा काय वाटते ते मला नेमके सांगता येत नाही. पण तो आवाज मी कितीतरी वेळ ऐकत राहतो.

समोरासमोर बसवून 'आज शाळेत काय झाले' असे विचारले तर त्याचे उत्तर एकाच शब्दात येते, 'काही नाही.' मात्र दुचाकीवर मागे बसला की तो बोलतो. माझी पाठ त्याच्याकडे असते, त्याला माझा चेहरा दिसत नाही आणि मला त्याचा दिसत नाही, म्हणून त्याला सोपे जात असावे. वर्गातल्या भांडणाचे, एका मित्राशी बोलणे तुटल्याचे, पुढे काय व्हायचे आहे याचे, सगळे मला गाडीवरच कळले. त्यामुळे संध्याकाळी प्रीतिसंगमावर जाताना मी मुद्दाम लांबचा रस्ता धरतो. तिथे कोयना आणि कृष्णा समोरासमोरून येऊन मिळतात आणि मग पूर्वेकडे वळतात. आम्ही भेळ घेऊन घाटावर बसतो, तेव्हा तो पुन्हा गप्प होतो, आणि परतताना पुन्हा सुरू होतो. पेट्रोल जास्त लागते याबद्दल घरातून विचारणा झाली होती. कारण सांगितल्यावर पुन्हा कोणी विचारले नाही.

विश्रामबागची आई (सांगली)

मला एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते. माझी एकच मुलगी आहे, नऊ वर्षांची. दोन-तीन भावंडांविषयी असे सुंदर काही वाचले की एका अपत्याच्या आईच्या मनात नकळत टोचणी लागते की आपण आपल्या मुलीला काही द्यायचे राहिलो का. धागा काढणाऱ्या ताईंचा तसा हेतू नाही, हे मी जाणते. तरीही एवढे सांगते की भावंडे घरातलीच असावी लागतात असे नाही.

आमच्या इमारतीत ४ वर्षांपासून १३ वर्षांपर्यंतची ११ मुले आहेत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ज्या सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, त्या सांगलीतली मुले गणपतीत नाटक बसवणार नाहीत असे कसे होईल? यंदा वाहनतळात त्यांनी स्वतः लिहिलेले नाटक केले. १३ वर्षांची ताई दिग्दर्शन करत होती. चार वर्षांच्या चिरंजीवांना बोलायचे काही नव्हते, म्हणून त्यांना पडद्याची दोरी दिली होती. पडदा म्हणजे शेजारच्या काकूंची जुनी नऊवारी. दोरी सोडली की पडदा पडतो, हे त्याला इतके पक्के शिकवले होते की मधे डास चावला तरी त्याने हात सोडला नाही; दुसऱ्या हाताला खाजवता येईना म्हणून त्याने खांदा भिंतीला घासला. माझी मुलगी तिचा प्रवेश झाल्याबरोबर धावत त्याच्याजवळ गेली, त्याच्या दंडाला खाजवून दिले आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली. घरी एकुलती असलेली मुलगी कोणाची तरी ताई झालेली मी त्या संध्याकाळी पाहिली.

आणखी एक. एकाच मुलात सगळी वये असतात. ताप आला की नऊ वर्षांची मुलगी तीन वर्षांची होते आणि मांडीवर डोके ठेवते, आणि माझे डोके दुखत असले की तीच सोळा वर्षांची होऊन 'तू पड, मी कुकर लावते' म्हणते. कुकर मी तिला अजून लावू दिलेला नाही. पण तांदूळ ती फार छान धुते. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचे असे मी सांगितले होते, म्हणून ती पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरून पाहते.

गावभागातील आजोबा (सांगली)

विश्रामबागच्या ताईंचे शेवटचे म्हणणे मला पटले. कराडच्या बाबांना एवढेच सांगतो की तो लांबचा रस्ता सोडू नका. माझ्या मुलाशी माझे असे बोलणे त्याच्या चाळिशीत सुरू झाले, तेही नातींच्या निमित्ताने.

नवी आई (करंजे)

अंगणवाडीच्या ताईंचे मनापासून आभार. तीन रात्री पहाटेची वेळ बाळाच्या बाबांनी सांभाळली आणि मी झोपले. आज सकाळी तेल लावताना तुम्ही सांगितल्याप्रमाणे 'अंऽ' म्हणून थांबले. पहिल्यांदा काही झाले नाही. दुसऱ्यांदा त्याने नुसतेच पाहिले. तिसऱ्यांदा त्याने 'अंऽ' म्हटले आणि मी पुढे काही बोलण्याच्या आत स्वतःच पुन्हा म्हटले. डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जाणार आहे, तिथे हेही सांगेन.

शाहूपुरीची आई (सातारा)

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार कसे मानावेत हे कळत नाही. विश्रामबागच्या ताई, आपली टोचणी मला समजते आणि माझ्या लिहिण्याने ती लागली असेल तर क्षमा असावी. आपल्या मुलीने पेला उजेडाकडे धरला, ते मी घरी सगळ्यांना वाचून दाखवले. करंज्याच्या ताई, आपण जवळच राहता. कधी नुसते बसावेसे वाटले तर येथेच निरोप ठेवा. मी येऊन बाळाला तासभर घेऊन बसेन आणि तुम्ही झोपा.

अनेकांनी वेगळा निरोप पाठवून विचारले की थोरलीला धाकट्याचा त्रास होत नाही का. होतो. तिची वही त्याने दोनदा रंगवली आहे आणि तिने त्याला खोलीबाहेर काढून दार लावून घेतले आहे. त्या वेळी मी तिचीच बाजू घेतली, कारण तिची वही ही तिची वही आहे. ताईपणाचा भार आपण मुलींवर फार लवकर टाकतो, असे माझे मत आहे. ती दगड वाहते ते तिला वाहावेसे वाटले म्हणून, ते तिचे काम नव्हे.

काल आम्ही कासच्या पठारावर फुले पाहायला गेलो होतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणे जागतिक वारसा यादीत आली, त्यांत कास आहे, हे मधल्याला पाठ असल्यामुळे पंचवीस किलोमीटरच्या रस्त्यात त्याने ते चार वेळा सांगितले. फुले चांगली आली आहेत. मोठ्या माणसांना तो रंगीत गालिचा दिसतो, पण सीतेची आसवे नावाचे ते इवलेसे निळे-जांभळे फूल नीट पाहायचे तर खाली बसावे लागते. धाकट्याची उंचीच तेवढी असल्यामुळे आमच्यात त्यालाच ते प्रथम दिसले. पायवाटेच्या कडेला तो उकिडवा बसला. मधल्याने त्याला सांगितले की ही वनस्पती मातीतल्या ओलीतले अगदी बारीक जीव पकडून खाते. धाकटा बराच वेळ फुलाकडे पाहत राहिला आणि मग वाकून अगदी हळू आवाजात त्याला म्हणाला, 'आ कर.' आपण त्याला भरवताना म्हणतो तसे. थोरलीने कानातली गाणी काढून ठेवली होती, म्हणून तिलाही ते ऐकू आले, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

पुढे टोपली कारवीची झुडपे दिसली. ती सात वर्षांतून एकदा फुलते, असे कळल्यावर मधला तिथेच बोटांवर हिशेब करू लागला. आणखी सात वर्षांनी ताई २३ वर्षांची, तो स्वतः १७ वर्षांचा आणि धाकटा १० वर्षांचा. 'म्हणजे हा तेव्हा माझ्याएवढा असेल,' असे म्हणून त्याने धाकट्याकडे जरा चकित होऊन पाहिले. थोरली म्हणाली, 'तेव्हा याला उचलून घ्यावं लागणार नाही.' धाकट्याला हिशेब कळला नव्हता. पण उचलणे हा शब्द कळला आणि त्याने दोन्ही हात वर केले. वाहनतळापर्यंत तिने त्याला कडेवरच नेले.